एका खडकावर कालवं (खडकाला चिकटणारे शिंपले, ऑयस्टर) खच्चून, पुढच्या किनाऱ्यावर नावालापण नाहीत, असं का?

मी सांगलीचा, म्हणजे समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं, पण झूलॉजी शिकवतो म्हणून दरवर्षी पोरांना घेऊन रत्नागिरीकडं ओहोटीला खडकांवर फिरणं होतं आणि तिथं हाच प्रश्न हमखास येतो.

कालव एकदा चिकटलं की मरेपर्यंत जागा सोडत नाही. पण त्याची पिल्लं, लार्व्हा म्हणतात ते, दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतात, साध्या डोळ्याला धड दिसतपण नाहीत, आणि पाणी नेईल तिकडं जातात. शेवंडीचं, म्हणजे लॉब्स्टरचं, पिल्लू तर कागदासारखं चपटं, काचेसारखं आरपार, महिनोनमहिने भटकतं. मग प्रवाहानं जिथं खडकापाशी आणून सोडलं तिथं गर्दी, आणि जिथनं आत खोल समुद्रात ओढून नेलं तिथं खडक कितीही झकास असू दे, मोकळाच. कृष्णेत जलपर्णी वाहताना बघितली असेल तर कळेल, मधल्या धारेत काही थांबत नाही, सगळी वळणाला संथ पाण्यात येऊन साचते. फक्त कृष्णा उलटी वाहत नाही, आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह मात्र पावसाळ्यात दक्षिणेकडं आणि हिवाळ्यात उत्तरेकडं जातो, त्यामुळं पिल्लं कुठल्या महिन्यात सुटली त्यावर ती कुठल्या गावाला लागणार हे ठरतं.

माझं आवडतं म्हणजे बार्नॅकल, ते पांढरे खडबडीत टोकदार कवचवाले, अनवाणी गेलात तर पाय सोलून काढतात. त्याचं पिल्लू शेवटच्या टप्प्यात खाणंच बंद करतं, नुसती जागा बघत हिंडतं, डोक्यावरच्या दोन मिशांवर खडक चाचपत चालतं, आधी कोणी भाऊबंद बसलेत का त्याचा माग घेतं, आणि पसंत पडलं की डोकं खाली करून स्वतःला चिकटवून टाकतं, मग जन्मभर वर केलेल्या पायांनी अन्न ओढायचं!

प्रवाह गारवा-ऊबपण आणतो. दक्षिण आफ्रिकेत पश्चिमेला बेंग्वेलाचं गार पाणी, पूर्वेला अगुल्हासचं कोमट, म्हणून एकाच देशात दोन्हीकडच्या खडकांवरची वस्ती वेगळी.

पण सगळं प्रवाहावर ढकलू नका. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीतनं दाभोळच्या खाडीत जातं, वर कोकणातला पाऊस, अशा ठिकाणी खारटपणा उतरला की पिल्लं पोचूनपण सगळी तगत नाहीत. तुमचे दोन किनारे कुठले ते कमेंटमध्ये टाका, मधी खाडीचं तोंड असेल तर आधी तिकडंच बघू.