अपघटन शिकताना वस्तुमानाचा हिशेब ठेवा

अपघटन अभिक्रिया शिकताना समीकरणे पाठ करण्याआधी, एकाच अभिकारकापासून दोन किंवा अधिक उत्पादिते मिळतात ही खूण मनात पक्की करा. आपल्या खान्देशातील मे महिन्याचे कडक ऊनही चुनखडीचे अपघटन करू शकत नाही. तिला सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, तेव्हा 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीतून 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. हा हिशेब स्वतः वहीत मांडा, कारण वस्तुमान कोठे गेले हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. घर रंगवताना याच चुन्यावर पाणी ओतल्यावर तो खदखदतो, तो मात्र संयोग, म्हणजे दोन पदार्थ मिळून एकच नवा पदार्थ बनणे, होय. अनेकांची गफलत येथेच होते. पाण्याच्या अपघटनाला वीज लागते, सिल्व्हर ब्रोमाइडला प्रकाश पुरतो.