वाचक विचारतात: झेब्रा फिंचच्या पिल्लांचे अचानक निघालेले रंग

प्रश्न: माझी झेब्रा फिंचची जोडी आहे, दोघंही नॉर्मल ग्रे. घरट्यासाठी लावलेल्या मटकीत चार पिल्लं झाली, तीन राखाडी आणि एक चक्क फिकट तपकिरी. ओळखीचे पाळणारे म्हणतात नर भेसळीचा आहे, बदलून टाक. काय करू? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: नर अजिबात बदलू नका, तो सल्ला मला बिलकुल पटलेला नाही. तुमचं पिल्लू फॉन आहे आणि ग्रे जोडीतून फॉन निघणं ही अगदी सरळ गोष्ट आहे, फक्त ती कशी होते ते नीट समजून घ्या कारण त्यातच सगळी मजा आहे. पक्ष्यांमध्ये आपल्यापेक्षा उलटं असतं, नराकडे दोन झेड क्रोमोसोम आणि मादीकडे एक झेड एक डब्ल्यू. फॉनचा जीन बसलाय झेडवर आणि तो रिसेसिव्ह आहे, म्हणजे नराच्या एका झेडवर फॉन असला तरी दुसरा नॉर्मल झेड त्याला झाकतो आणि नर दिसायला पूर्ण ग्रेच राहतो, ह्यालाच आपण स्प्लिट म्हणतो. मादीकडे झाकायला दुसरा झेड नसतोच. मुलीला तिचा एकुलता एक झेड बापाकडून मिळतो, त्यामुळे बापाने फॉनवाला झेड दिला की ती थेट फॉनच दिसते.

म्हणजे तुमचा नर फॉनला स्प्लिट आहे आणि हे पिल्लू मादी आहे, गालावर रंग यायच्या आधीच तुम्हाला नर की मादी ते कळलं! अशा जोडीच्या सरासरी निम्म्या मुली फॉन होतात, मुलगे सगळे ग्रे दिसतात पण त्यातले निम्मे आतून स्प्लिट असतात आणि ते बघून ओळखता येत नाही.

आता एक तपासणी करा. तीन महिन्यांचं होईपर्यंत थांबा. तोवर काळी चोच नारिंगी झालेली असेल, पहिली पिसं गळून मोठ्यांची पिसं आलेली असतील. समजा ह्या फॉन पिल्लाला नारिंगी गाल आणि छातीवर पट्टा आला, म्हणजे तो नर निघाला, तर मग ते तुमच्या ग्रे मादीचं पिल्लू असूच शकत नाही, कारण फॉन नराला आईकडूनही फॉनचा झेड लागतो आणि ग्रे आईकडे तो नाहीये. तेव्हा समजायचं की दुसऱ्या कुठल्या तरी मादीने त्या मटकीत अंडं टाकलं होतं. झेब्रा फिंच हे करतात, एका मोठ्या पिंजऱ्यात चार-पाच जोड्या असल्या की हमखास.

प्रश्न: दोन्ही ग्रे, पिल्लू सिल्व्हर. दुकानदार म्हणतो डॉमिनंट सिल्व्हर आहे, भाव चांगला मिळेल. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: डॉमिनंट रंग लपून राहत नाही. आईबापापैकी एक जण डोळ्यांना सिल्व्हर दिसल्याशिवाय डॉमिनंट सिल्व्हर पिल्लू होत नाही, तेव्हा ह्याच दोघांचं पिल्लू असेल तर ते रिसेसिव्ह सिल्व्हर, आणि आईबाप दोघंही स्प्लिट. पण आधी पिल्लू त्यांचंच आहे का ते बघा, मादी त्याआधी दुसऱ्या नरासोबत होती का? वेगळी काढल्यावरही आठवडाभर तरी ती जुन्या नराची फळलेली अंडी घालू शकते.

आणि सिल्व्हर म्हणायच्या आधी पिल्लू हातात धरून डोळ्याखालची अश्रूरेषा आणि शेपटीचे पट्टे बघा. सिल्व्हरमध्ये सगळंच फिकं पडतं, काळं सुद्धा राखाडी होतं. पाठ फिकी पण रेषा आणि पट्टे काळेकुट्ट असतील तर ते लाईटबॅक, आणि लाईटबॅक पण फॉनसारखाच झेडवरचा, म्हणजे ग्रे जोडीतून निघालेलं लाईटबॅक पिल्लू परत मादीच. तरी शंका राहिली तर मोठं झाल्यावर ज्या घराण्यात सिल्व्हर कधी निघालं नाही अशा ग्रेशी जोडी लावा. रिसेसिव्ह असेल तर सगळी पिल्लं ग्रे येतील, डॉमिनंट असेल तर साधारण निम्मी सिल्व्हर.

प्रश्न: एका पिल्लाचे डोळे लालसर आहेत, आंधळं आहे का? आणि हे व्हाईट होणार का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आंधळं नाही, घाबरू नका. हे बहुतेक सीएफडब्ल्यू म्हणजे चेस्टनट फ्लँक्ड व्हाईट आहे. ह्याची खरी ओळख पहिल्या काही दिवसांतच होते, डोळे उघडायच्या आधी नॉर्मल पिल्लाच्या पापणीतून काळा फुगवटा दिसतो तसा ह्याच्या पापणीतून दिसत नाही, गुलाबीसर दिसतो, आणि डोळे उघडल्यावर माणकासारखी लाल झाक असते. पुढे डोळा गडद होत जातो आणि मग ही खूण गेलीच, म्हणून मटकी साफ करताना बाजूने क्षणभर टॉर्च मारून बघून ठेवा आणि वहीत लिहा. मोठा झाल्यावर सीएफडब्ल्यू नराला गाल आणि कुशीचा तांबूस रंग असतो त्यामुळे गोंधळ होत नाही. मादी मात्र जवळजवळ पांढरी असते आणि बाजारात सर्रास व्हाईट म्हणून विकली जाते. अश्रूरेषा आणि शेपटीचे पट्टे दिसले तर सीएफडब्ल्यू, खऱ्या व्हाईटला हे काहीच नसतं. लहान व्हाईटच्या पाठीवर राखाडी ठिपके असतात बऱ्याचदा, ते पिसं बदलताना जातात.

प्रश्न: पिल्लाच्या मानेमागे पांढरा डाग, पाईड (म्हणजे जन्मतःच पांढऱ्या डागांचं) का? (एक वाचक, अकोला)

उत्तर: जवळून बघा. पिसं पांढरी आहेत की पिसंच नाहीत आणि कातडी दिसतेय? पुढची अंडी घालायची घाई झाली की आईबाप पिल्लांची मानेवरची पाठीवरची पिसं उपटतात, लांबून तो डागच वाटतो, पिल्लू वेगळं खायला लागल्यावर काढून घेतलं की पिसं परत येतात. पाईड असेल तर मुळापासून पांढरी पिसं आणि डागाला कसलाच आकार नाही.

प्रश्न: बाजारात हिरवे गुलाबी पिवळे छोटे फिंच स्वस्तात मिळाले, ह्यांची पिल्लं रंगीत होतील का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर: नाही, ते रंग लावलेले असतात. बहुतेक वेळा त्या आपल्याकडच्या जंगली मुनिया असतात, पकडून रंगवलेल्या, पहिली पिसं गळली की रंग गेला. मुनिया पाळणं आणि विकणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे, आणि त्या पकडण्यात नेण्यात किती मरतात ह्याचा विचार करून तरी कुणीही घेऊ नका. घरी असतील तर वनविभागाला कळवा, स्वतः उडवून देऊ नका.

प्रश्न: घरच्या फॉन मादीला तिच्या बापाशी लावलं तर फॉन नर मिळतील ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर: हिशोबाने मिळतील, बाप स्प्लिट आहे म्हणजे निम्मे मुलगे फॉन. पण मी सांगणार नाही. घरातल्या घरात लावत गेलं की अंडी फळत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात, आणि हे दोन-तीन पिढ्यांत दिसायला लागतं. त्यापेक्षा बाहेरचा फॉन नर आणा, सगळीच पिल्लं फॉन येतील. नाही मिळाला तर बाहेरच्या ग्रे नराशी लावा, सगळे मुलगे स्प्लिट येतील, त्यांना पायात रिंग घालून ठेवा नाहीतर नंतर कोण कुणाचं कळणार नाही, आणि मग त्यांना बाहेरची फॉन मादी. मादी सहा महिन्यांची झाल्याशिवाय मटकी लावू नका, ती तीन महिन्यांतच अंडी घालायला बघेल पण अंडं अडकण्याची भीती असते, आणि अंड्यांच्या दिवसांत कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात हवाच.