ग्रुपवर कोणी बोलूनच नाही राहिलं

"मॅडम, एकशेऐंशी लोक आहेत ग्रुपवर, पण माझ्या मेसेजला कोणी काही बोलूनच नाही राहिलं. माझं काही चुकलं का?"

काका गेल्यावर मुलाने काकूंना यवतमाळहून नागपुरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आणलं, त्याला आठ महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा-सून नऊला बाहेर पडले की दिवसभर सोबतीला फोन आणि स्कीमचा, म्हणजे त्यांच्या सोसायटीचा, व्हॉट्सॲप ग्रुप. हीच तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आता बरेच असतात, तरुणसुद्धा.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. 'गॅलरीतला कढीपत्ता खूप वाढला आहे. पाहिजे त्यांनी ४०४ मधून न्यावा.' खाली दोन करड्या टिक. त्याच संध्याकाळी कोणीतरी टँकर कधी येणार विचारलं, तर त्याखाली उत्तरांची रांग.

"पाहा, निळ्या झाल्याच नाहीत. कोणी वाचलासुद्धा नाही."

ग्रुपवर टिक निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावर. एकानेही मेसेज उघडला नाही तरी त्या करड्याच राहतात. हे पटावं म्हणून मी मेसेज दाबून धरला आणि कोणी कोणी वाचला त्याची यादी उघडली. एकशेबारा नावं. मला वाटलं, काकू खूश होतील.

"म्हणजे वाचूनही नाही बोलले!" डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. माझा शहाणपणा अंगाशी आला. इतकी वर्षं समुपदेशन करूनही पुरावा दाखवून दुःख घालवायची खोड जात नाही.

पुढच्या भेटीत मी उलटं विचारलं, "तुम्ही कोणाच्या दारात कढीपत्ता मागायला गेलात का?"

"छे! ओळख ना पाळख, कशी जाऊ?"

"मग ते तरी कसे येतील?"

काकू पहिल्यांदा हसल्या. आपल्याकडे फुकटचं घ्यायलाही आधी ओळख लागते. टँकरचं उत्तर देताना कोणाचं काही जात नाही. अनोळखी दाराची बेल वाजवताना मात्र संकोच होतो. तो मेसेज नाकारला गेला नव्हता, नुसता अवघडून पडला होता. म्हणून ठरवलं, काही दिवस ग्रुपवर काही द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा, एकाच माणसाला, समोरासमोर काहीतरी मागायचं. खरी गरज असेल तेच.

ग्रुप वाईट असं मी म्हणत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तिकडचे एक गृहस्थ सांगत होते, ग्रुपने सगळ्यांना जागं केलं; पण तळमजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे उठता येत नाही हे शेजारच्या पोरालाच माहीत होतं. तो धावला.

काकूंना मागण्यासारखं काही सापडायला दोन आठवडे लागले. मुलाच्या लहानपणचा लाकडी नंदीबैल त्यांनी यवतमाळहून आणला होता, त्याचं एक चाक निखळलेलं. लिफ्टमध्ये त्यांनी २०२ मधल्या बाईंना विचारलं, "इथे सुतार कुठे मिळतो हो?" त्या म्हणाल्या, "सुतार काहून? आमचे मामंजी करून देतात ना." मामंजी फेविकॉल आणि खिळे घेऊन वर आले, तासभर बसले, दोनदा चहा प्यायले.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागत फिरतात. काकूंनी नंदी दारात सजवून ठेवला. मामंजींची नातवंडं आली, त्यांच्यामागे सगळी स्कीम. सात वाजता काकूंनी ग्रुपवर लिहिलं, 'दहाच्या नोटा संपल्या. कोणाकडे सुट्टे आहेत का? पोरं दारात उभी आहेत.'

दहा मिनिटांत चौघे आले. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "काकू, तो कढीपत्ता आहे का हो अजून?"

शेवटच्या भेटीला काकू माझ्यासाठीही एक जुडी घेऊन आल्या. त्या मेसेजच्या टिक मात्र अजून करड्याच होत्या. तेही त्यांनी हौसेने दाखवलं.