अठरा वर्षं एकाच थिएटरात

प्रश्न: दिवाळीनंतर जर्मनीत भाच्याकडे दीड महिना राहून आले. त्याचं गाव आपल्या बडोद्याजवळच्या पादरा गावापेक्षा थोडंच मोठं असेल, पण तिथे ऑपेराचं थिएटर आहे हो! मोझार्टचं 'मॅजिक फ्लूट' बघितलं. राजपुत्र झालेला टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, असा गायला की डोळ्यात पाणी आलं. भाचा म्हणाला हा अठरा वर्षं इथेच आहे, गावाबाहेर कोणी ओळखत नाही. एवढा गळा असून माणूस मागे कसा पडला?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: ताई, आधी ते वाईट वाटून घेणं बंद करा. तो मागेबिगे पडलेला नाही, नोकरी करतोय, आणि नोकरी अशी की जुन्या बडोदेकराला लगेच कळली असती. सयाजीरावांच्या वेळचा आपला कलावंत कारखाना आठवा, गवई, सनईवाले, तंजावरच्या नर्तकी सगळे दरबारच्या पटावर, महिन्याला पगार, फैयाज खाँसाहेबसुद्धा दरबारचेच गवई. जर्मनीत तेव्हा असे लहानमोठे राजे भरपूर आणि बऱ्याच जणांना स्वतःचं थिएटर हवंच. कोबुर्ग घ्या, वस्ती आजही चाळीसेक हजार, तिथलं ड्यूकचं थिएटर १८४० चं. १९१८ मध्ये राजे गेले पण थिएटरं नाही गेली, सरकारने आणि नगरपालिकांनी चालवायला घेतली. आपल्याकडे १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १८८६ ची गायनशाळा युनिव्हर्सिटीत जाऊन वाचली, पण गवयाला घरबसल्या पगार देणारं कोणी उरलं नाही. असो, माझी दुखरी नस आहे, लांबवत नाही.

तर तुमचा टेनर. कॉन्ट्रॅक्ट ऑगस्ट ते जुलै, एका सीझनचं, वेळेत नोटीस नाही आली तर आपोआप पुढचं वर्ष. किमान पगार २०१८ मध्ये महिना २००० यूरो ठरला, २०२३ पासून २७०० च्या वर गेला, तरी शाळामास्तर त्याच्यापेक्षा बरा. आणि पंधरा वर्षांची एक भानगड आहे. एकाच थिएटरात पंधरा वर्षं झाली की गायकाला सहजासहजी काढता येत नाही, मग थिएटरवाले काय करतात, तेरा-चौदा वर्षं झाली की बरोबर नारळ देतात, आणि माणूस पंचेचाळिशीत पुन्हा ऑडिशन देत ट्रेनने हिंडतो. तुमचा अठरा वर्षं टिकलाय म्हणजे त्या गावाला तो हवाच होता, एवढं धरून चाला.

काम कसलं? तिकडे प्रत्येक आवाजाचा 'फाख' ठरलेला, शब्दशः अर्थ कपाटाचा खण. लिरिक, म्हणजे हलक्या गोड गळ्याच्या टेनरला तुम्ही बघितलेला राजपुत्र तामिनो, गमत्या नोकराच्या भूमिका वेगळ्या खणात, वाग्नरचा झीगफ्रीड तर भलत्याच दणकट गळ्याचा. पण छोट्या थिएटरात टेनर मुळात दोन-तीन, त्यामुळे मंगळवारी तामिनो, शुक्रवारी ऑपेरेटातला, म्हणजे हलक्याफुलक्या ऑपेरातला, कुणी काउंट, आणि नाताळात मुलांसाठी 'हेन्झेल आणि ग्रेटेल' असेल तर नाक लावून चेटकीणसुद्धा तोच! शेजारच्या गावचा टेनर आजारी पडला की सकाळी फोन, संध्याकाळी तिकडे स्टेजच्या कडेला उभं राहून नोटेशन बघत गायचं आणि आजारी माणूस मधे नुसते ओठ हलवणार. हे सगळं बिनमाईकचं बरं का. ऑर्केस्ट्राचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, वर तो कमी होत जातो, तयार गळा नेमका ३००० च्या आसपास धार काढतो, म्हणून साठ वाद्यांवरून आवाज शेवटच्या रांगेत पोचतो. आपण ज्याला गोळीबंद आवाज म्हणतो ना, त्यातलाच प्रकार.

मी तिकडे मुलीकडे गेलो होतो तेव्हा आदल्या रात्रीचा टेनर सकाळी बेकरीच्या लाइनीत माझ्या पुढे उभा, गळ्याला मफलर, हातात कापडी पिशवी. काउंटरवरची बाई त्याला काहीतरी म्हणाली, तो ओशाळून हसला. मुलीला विचारलं तर म्हणे, दुसऱ्या अंकात आवाज जरा बसला होता का, असं विचारतेय ती. आता सांगा, याला कोणी ओळखत नाही असं कसं म्हणायचं?

प्रश्न: मग नावाजलेले टेनर येतात कुठून? (त्याच ताईंचा पुढचा प्रश्न)

उत्तर: बरेचसे तिथूनच. योनास काउफमान झारब्रुकनच्या थिएटरात होता, तिथे गळा इतका बिघडला की गायची पद्धतच नव्याने शिकावी लागली. क्लाउस फ्लोरियान फोग्ट तर हॅम्बुर्गच्या ऑर्केस्ट्रात हॉर्न वाजवायचा, मग फ्लेन्सबुर्गला टेनर म्हणून लागला. आणि फ्रिट्झ वुंडरलिश, कुजेल नावाच्या लहान गावचा, १९५५ मध्ये श्टुटगार्टला नोकरीला लागला आणि १९६६ मध्ये जिन्यावरून पडून गेला, छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. कंडक्टर कार्ल ब्यॉमसोबतचं १९६४ चं 'मॅजिक फ्लूट'चं रेकॉर्डिंग ऐका, तामिनो तोच आहे. भाच्याला सांगा, लावून देईल.