शेरलॉक होम्स वाचताना जुनी इंग्लिश अडते, डिक्शनरी घेऊन बसावं का?

प्रत्येक शब्दाला डिक्शनरी नको, मजाच जाते. आधी हे बघा की तो शब्द नुसता सजावटीचा आहे की त्यात क्लू दडलाय. 'स्पेकल्ड बँड'मध्ये होम्स समोर बसलेल्या बाईच्या डाव्या बाहीवरचे चिखलाचे ताजे शिंतोडे बघून सांगतो की तुम्ही डॉगकार्टमधून आलात आणि गाडीवानाच्या डाव्या हाताला बसला होता, आता डॉगकार्ट म्हणजे कुत्र्याने ओढायची गाडी असं समजलात तर सगळंच गंडतं, ती दोन चाकांची उघडी घोडागाडी, सीटखाली शिकारी कुत्र्यांसाठी पेटी असायची म्हणून ते नाव. हॅन्समपण दोन चाकांचीच पण गाडीवान मागे उंचावर बसतो. सामान असलं की चार चाकांची ग्राउलर. एवढं माहीत असलं तरी पाठलागाचे सीन लख्ख दिसतात.

खरा घोळ ओळखीच्या शब्दांचा होतो, कारण आपण ते शोधतच नाही. सिंग्युलर म्हणजे तिथे बहुतेक वेळा विचित्र, एकवचन नाही. प्रे म्हणजे नुसतं कृपया. वायर म्हणजे तार, आपण 'तार केली' म्हणायचो तसंच.

पैशांचा हिशोब मात्र एकदा पाठच करा, 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगचा पौंड, 21 शिलिंगची गिनी, 1971 पर्यंत तिकडे हेच चालायचं. मग 'रेड हेडेड लीग'मध्ये नुसतं बसून एनसायक्लोपीडिया उतरवायचे आठवड्याला 4 पौंड का देतायत हा संशय तुम्हाला होम्सच्या आधी येईल!