रानचिमणी ओळखायची कशी आणि तिच्या फोटोसाठी कोणती लेन्स घ्यावी?

गळ्यावरचा पिवळा ठिपका शोधत बसू नका, हे आधी सांगते. तुम्ही लिहिलंय की उन्हाळाभर हिंडूनही रानचिमणी दिसत नाही. ती तुमच्या समोरून गेली असणार. गळा साधा दिसला म्हणून तुम्ही तिला घरचिमणीची मादी समजून सोडून दिलं असेल.

१९०८ सालची पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मुंबईतल्या लहानग्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने रानचिमणी पाडली, तिचा पिवळा गळा पाहून चक्रावला आणि ओळख पटवायला थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, तिथले सचिव मिलार्डसाहेबांकडे गेला. गोष्ट मोठीच आहे, पण ती ऐकून लोकांच्या डोक्यात गळा तेवढा राहतो. मादीच्या गळ्याला पिवळा रंग जेमतेम असतो, कधी नसतोच.

माझं माहेर श्रीगोंद्याकडचं. तिथल्या माळावर नेपतीची झुडपं आहेत. फाल्गुनात नेपतीला विटकरी लाल फुलं येतात. झुडपाला पानं नसल्यातच जमा, त्यामुळे पाखराला लपायला जागा नाही. एरवी झाडाच्या शेंड्यावर राहणारी रानचिमणी मधासाठी तिथे कमरेएवढ्या उंचीवर उतरते. मला मादीचा फोटो मिळाला. तिने फुलात खुपसलेलं डोकं वर काढलं तेव्हा कपाळ परागांनी माखलं होतं, चोचीच्या मुळाशीही पिवळी भुकटी.

फोटो रानचिमणीची नोंद म्हणून आमच्या पक्षीमित्रांच्या गटात टाकला. एका ज्येष्ठ सरांनी लगेच निकाल दिला, "घरचिमणीची मादी आहे. पिवळं कपाळाला लागलंय, गळ्याला नाही. नोंद काढून टाका." मी म्हटलं, सर, पाठ बघा. घरचिमणीच्या मादीच्या पाठीवर गडद तपकिरी रेघा असतात. हिची पाठ सारवलेल्या भुईसारखी कोरी आहे. चोच लांबट आणि निमुळती, पंखावर दोन पांढरे पट्टे. त्यावर उत्तर आलं, "ताई, पक्षी शिकायला वेळ द्यावा लागतो." ज्या माळावर मी लहानाची मोठी झाले, तिथल्या पाखराबद्दल मला हे ऐकवलं. फोटोतल्या पाठीबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. नोंद मी काढली नाही, काढणारही नाही.

तेव्हा आधी पाठ, मग चोच, मग पंखावरचे पट्टे आणि सगळ्यात शेवटी गळा. नराच्या खांद्यावर तांबूस डाग असतो, पण पंख मिटून बसला की तो बराचसा झाकला जातो. आवाज घरचिमणीसारखाच, पण जरा गोड. कान तयार झाला की आधी आवाजच कळतो.

लेन्सचं म्हणाल तर असेल ती चालवा. महागड्या लेन्सा घेऊन पाखरामागे धावणारे खूप पाहिलेत, त्यांच्याकडे उडालेल्या शेपट्यांचेच फोटो असतात. सकाळी ऊन चढायच्या आत फुललेलं झुडूप गाठा, सूर्य पाठीशी घ्या आणि खाली बसा. पाखरं उडाली तरी त्याच झुडपावर परत येतात. शेंड्यावरची टिपायची असेल तर मागचं आभाळ पांढरं असतं, एक्सपोजर थोडं वाढवा, नाहीतर पाखरू काळं येईल.

मोबाइलवर आवाज वाजवून तिला बोलावू नका, आणि ढोलीपाशी तर कॅमेरा नेऊच नका. एप्रिल-मे महिन्यात ती सुतार पक्ष्याच्या जुन्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात अंडी घालते. चोचीत अळी धरून शेजारच्या फांदीवर ताटकळणारी चिमणी म्हणजे तुम्ही नको इतके जवळ आला आहात. अशा फोटोला गटात शाबासकी मिळते, याची मला चीड आहे.

हो, एक राहिलं. पिल्लंही मादीसारखीच दिसतात, आणि नराची काळी चोच विणीनंतर फिकट होते, म्हणून चोचीच्या रंगावर जाऊ नका. नेपती कोरडवाहू भागातच मिळेल. तुमच्याकडे नसेल तर पळस, पांगारा बघा. फोटो टाकाल तेव्हा पाठ दिसेल अशी एक फ्रेम नक्की जोडा. कोणी "घरचिमणीची मादी आहे" म्हणालं, तर पाठीवरच्या रेघा दाखवा म्हणावं.