आजीची हळद आणि बाटलीतली हळद

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला. "आजी हळद बट्टीत घालते, दुधात घालते, ठेच लागली की जखमेवर दाबते, परवा लग्नात तर सगळ्यांच्या अंगालाच लावली. मग मेलबर्नहून आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल मी तिला गुडघ्यासाठी दिल्या तर काय बिघडलं? हळदच आहे ना?"

आधी एक काम कर. ती बाटली आजीकडून मागून घे आणि तुझ्या बॅगेत ठेव. हृदयाची झडप बदलल्यापासून आजी रोज वॉरफेरिन घेते, रक्त पातळ ठेवणारी गोळी. तिच्या जोडीला ही कॅप्सूल चालत नाही. आता कारण सांगते, सावकाश वाच.

आजी किती हळद वापरते ते बघ. बट्टीसाठी किलोभर जाडसर गव्हाचं पीठ, त्यात थोडी मक्याची भरड, ओवा, मीठ, तेलाचं मोहन आणि चहाचा एक चमचा हळद. चमचाभर म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, आणि खाणारी माणसं सात-आठ. वरण, भाजी, रात्रीची खिचडी सगळं धरलं तरी एका माणसाच्या पोटात दिवसाला दीड-दोन ग्रॅम हळद जाते. हळदीतला जो पिवळा घटक औषधी म्हणून विकला जातो तो करक्युमिन, आणि तो हळदीत २ ते ५ टक्केच असतो. सरासरी ३ टक्के धर. म्हणजे दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम.

आता तुझी बाटली. ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के करक्युमिन, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. एवढं हळदीतून मिळवायचं तर सोळा ग्रॅम, पाच चमच्यांहून जास्त हळद एका वेळी गिळावी लागेल. दिवसाला दोन कॅप्सूल लिहिल्या असतील तर दहा चमचे. आजीने अख्ख्या आयुष्यात एका दिवसात एवढी हळद खाल्लेली नाही, आणि तिच्या आईनेही नाही. "आपण पिढ्यान्पिढ्या खातोय" हा भरवसा स्वयंपाकघरातल्या चमच्याचा आहे, तो बाटलीला लावता येत नाही. खाद्यपदार्थांतल्या करक्युमिनसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ठरवलेली रोजची मर्यादा आहे वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम. आजीचं वजन पन्नास किलो, म्हणजे १५० मिलिग्रॅम. एक कॅप्सूल त्याच्या तिप्पट भरते.

प्रमाण हा अर्धाच मुद्दा झाला. साधं करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडं आतड्यातून आत जातं त्यावर आतडं आणि यकृत लगेच प्रक्रिया करून त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. त्यामुळे हळद खाऊन रक्तात फारसं काही सापडत नाही. कॅप्सूलवाल्यांना हे माहीत असतं, म्हणून ते मिऱ्यातलं पायपरिन घालतात. १९९८ साली बंगळूरच्या प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनबरोबर फक्त २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर शोषण वीसपट वाढलं. जाहिरातीत हा आकडा कौतुकाने छापतात. पण पायपरिन हे करतं कसं? शरीर ज्या वाटेने नको असलेले पदार्थ निकामी करतं ती वाट ते अडवतं, आणि त्याच वाटेने बरीच औषधंही जातात. फिट येऊ नये म्हणून देतात ती फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलीन यांचं रक्तातलं प्रमाण पायपरिनमुळे वाढतं. डोस तोच, परिणाम जास्त. काळ्या मसाल्यातल्या मिऱ्याला यासाठी घाबरू नकोस. रोज गोळीसारखं मोजून घेतलेल्या अर्काची गोष्ट वेगळी.

आजीचं बघ. तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, डॉक्टर २.५ ते ३.५ च्या मधे ठेवतात. कमी झाला तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाला तर रक्तस्राव. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ साली एक रुग्ण नोंदवला आहे: वॉरफेरिनवर सगळं नीट चाललेलं, हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. या आकड्याला मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. माझी सगळी काळजी इथे आहे, मनू.

दुसरा धोका यकृताचा. तो दुर्मीळ आहे, पण खरा आहे. २०१९ मध्ये इटलीत अशा उत्पादनांनंतर कावीळ झालेल्यांचा एक गटच समोर आला. आपल्याकडे ऑस्ट्रेलियातही नियामकांनी २०२३ मध्ये इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे यकृताच्या १८ तक्रारी होत्या. अमेरिकेत अभ्यासलेल्या दहा रुग्णांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ नावाचा एकच जनुकीय प्रकार सापडला. म्हणजे हे कोणाला बाधेल ते चेहरा बघून कळत नाही, आणि "माझ्या मैत्रिणीला काही झालं नाही" याला अर्थ उरत नाही. त्रास बहुधा एक ते चार महिन्यांनी सुरू होतो, म्हणून कॅप्सूलवर संशय जात नाही. लघवी गडद होणं, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं. कॅप्सूल थांबवली की बहुतेक जण बरे होतात. घरात काविळीच्या माणसाला हळद वर्ज्य करतात ते निव्वळ रंगावरून, त्याचा याच्याशी संबंध जोडू नकोस.

बाकीचे धोके थोडक्यात. हळदीत ऑक्झॅलेट भरपूर असतं, त्यापासून मुतखडा बनतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो, पाणी कमी पडतं, अशात ज्याला आधी मुतखडा झाला आहे त्याने या कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये. करक्युमिन पित्ताशय आवळतं, म्हणून पित्ताशयात खडे असतील तरी नको. मोठ्या मात्रेत ते लोहाला धरून ठेवतं, तेव्हा तुझ्या वयाच्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींनीही दूर राहावं. गरोदरपणात नको, आणि ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे बंद.

मग फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. थायलंडमध्ये २०१४ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली. रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क घेणाऱ्यांना १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनइतकाच आराम पडला आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. पण चाचणी चार आठवड्यांची होती आणि गुडघा वर्षानुवर्षं दुखतो. कॅन्सर, विसरभोळेपणा, मधुमेह बरा होतो म्हणून जे छापतात त्याला माणसांवरच्या भक्कम चाचण्यांचा आधार नाही. तुला शाळेत १९९५ च्या अमेरिकन पेटंटची गोष्ट सांगितली असेल. जखमेवर हळद लावण्याचं ते पेटंट डॉ. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या सरकारी संशोधन परिषदेने, १९९७ मध्ये रद्द करवलं. अभिमान वाटावा असंच ते काम होतं. पण त्यात सिद्ध झालं ते एवढंच की हा वापर आपल्याकडे आधीपासून होता. कॅप्सूल गुणकारी आहे असं त्यातून ठरत नाही.

आजीची हळद मात्र चालू राहू दे. फोडणीत मोहरी तडतडली की आच कमी करून हळद घालायची, लगेच भाजी किंवा पाणी. तेलात ती मुरते, पण जळली की सगळं कडवट. दुधासाठी एक कप दुधाला पाव चमचा, तीन-चार मिनिटं उकळायचं. वरून कोरडी टाकली तर तळाला रेव बसते. गूळ खाली उतरवल्यावरच घालायचा, उकळत्या दुधात तो दूध नासवतो. ठेच लागलेल्या जागेचं विचारलंस: डब्यातली हळद निर्जंतुक नसते. खरचटल्यावर आधी साबण-पाण्याने धुवा. खोल जखमेत ती भरू नका, मग डॉक्टरला आतलं दिसतही नाही.

आजी हयद म्हणते ना, ती वर्षाची हयद हळकुंडं आणून डंकावर कुटून घेते. तिचं बरोबर आहे. हळकुंडं फार चकचकीत पिवळी असतील तर पाण्याच्या पेल्यात टाकून बघ. चांगलं हळकुंड रंग सोडत नाही, लगेच पिवळा सुटला तर लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाचा रंग चोळलेला असू शकतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचं बाधतं, त्यामुळे रंग बघून हळद घेऊ नये.

गुडघ्यासाठी आजीला खुर्चीवर बसवून एकेक पाय सरळ करायला लाव. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीला जोर आला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. दुखण्याची गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही वॉरफेरिनबरोबर रक्तस्राव वाढवतात.

आजीला "तुझी हळद वाईट" असं म्हणू नकोस, तिला लागेल. "आजी, ही तुझी हळद नाही, दहा चमच्यांचा अर्क आहे" असं सांग. किती दिवस आणि किती कॅप्सूल घेतल्या ते विचार. एक जरी घेतली असेल तरी उद्या सकाळी तिच्या डॉक्टरांना बाटली दाखव आणि पीटी-आयएनआर करायचा का ते विचार. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, काळी शौच किंवा एकदम डोकं दुखणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात ने. आणि आत्ता लगेच लेबलच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव.

आई